हवाई दलाची आयएसीसीएस म्हणजे काय? नवी रडार आणून भागलं नसतं का?

तुम्ही विचारलंय की आयएसीसीएसचं (इंटिग्रेटेड एअर कमांड अँड कंट्रोल सिस्टिम, म्हणजे सगळ्या रडारांची माहिती एका चित्रात आणून हवाई संरक्षण चालवणारी संगणकीय यंत्रणा) एवढं कौतुक कशासाठी, जुनी रडार काढून नवी बसवली असती तर तेच काम झालं नसतं का, आणि सगळं संगणकच करणार असेल तर कंट्रोलर, म्हणजे जमिनीवरून लढाऊ विमानांना दिशा देणारा माणूस, लागतो कशाला. मी हवाई दलात रडार युनिटवर नोकरी केली, तीही ही यंत्रणा येण्याआधी. नव्या यंत्रणेबद्दल खाली जे लिहितो आहे ते सगळं आधीच जाहीर झालेलं आहे.

नुसत्या रडारवर भागलं नसतं. रडार कितीही चांगलं असो, पृथ्वी गोल आहे. शंभर मीटर उंचीवरून येणारं विमान जमिनीवरच्या रडारला साधारण पन्नास किलोमीटरच्या आत आल्याशिवाय दिसत नाही. म्हणून रडार पुष्कळ लागतात, आणि प्रत्येकाला आकाशाचा आपापला तुकडाच दिसतो. पूर्वी हे तुकडे टेलिफोनवर जोडले जायचे. ऑपरेटर पडद्यावरचा ब्लिप, म्हणजे विमानाचा ठिपका, बघून दिशा-अंतर सांगायचा. ऑप्स रूममध्ये पारदर्शक फळ्यामागे उभा असलेला वायुसैनिक ते ग्रीस पेन्सिलने उलट्या अक्षरांत लिहायचा, कारण पलीकडे बसलेल्या कंट्रोलरला ते सुलट दिसायला हवं. ही माणसं कामात फार तरबेज होती, पण गणित त्यांच्या बाजूने नव्हतं. ताशी 900 किमी वेगाचं विमान मिनिटाला 15 किमी कापतं. निरोप पोहोचायला दोन मिनिटं गेली, तर फळ्यावरची खूण 30 किमी मागे पडलेली असते. सीमेवरच्या अटारीपासून अमृतसर जवळपास तेवढंच आहे.

पहिला मोठा बदल झाला तो तारांचा. 14 सप्टेंबर 2010 रोजी तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी एएफनेट या हवाई दलाच्या स्वतःच्या डिजिटल जाळ्याचं उद्घाटन केलं. त्याच कार्यक्रमात पंजाबच्या हद्दीतून उडालेल्या मिग-29 विमानांनी लुटुपुटूच्या शत्रूला कसं अडवलं, ते दिल्लीत बसून दाखवलं गेलं. आयएसीसीएस या जाळ्यावर चालते, आणि ती भारत इलेक्ट्रॉनिक्सने म्हणजे बीईएलने बांधली आहे.

पण जाळं टाकलं की चित्र आपोआप तयार होत नाही. खरी मेहनत इथे आहे, आणि हिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. समजा एकच विमान तीन रडारांना दिसतंय. त्यातल्या एका रडारची उत्तर दिशा फक्त एक अंशाने चुकलेली आहे. 200 किमीवर त्या एका अंशाचा फरक साडेतीन किलोमीटर होतो. घड्याळं काही सेकंदांनी मागेपुढे असली तर फरक आणखी वाढतो. मग पडद्यावर एका विमानाची दोन विमानं दिसतात, किंवा दोन विमानं एकमेकांजवळ असली तर एकच दिसतं. कंट्रोलरने स्क्रॅम्बलचा, म्हणजे लढाऊ विमानं तातडीने उडवण्याचा, हुकूम कशाच्या भरवशावर द्यायचा? म्हणून प्रत्येक रडार नीट जुळवून घेणं, वेळ एक करणं, नागरी विमानांचे फ्लाइट प्लॅन आणि एअर डिफेन्स क्लिअरन्स (उड्डाणाच्या परवानगीचे) क्रमांक त्याच चित्रावर चढवणं, नेत्रा आणि फाल्कन या रडार घेऊन उडणाऱ्या विमानांची माहिती त्यात मिसळणं, हे सगळं करावं लागतं. त्यानंतर कुठे एका विमानाचा एकच ट्रॅक, म्हणजे पडद्यावरचा माग, उरतो.

आणि तो ट्रॅक आपला की परका? माझ्या मते सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे. 27 फेब्रुवारी 2019 रोजी बडगाममध्ये आपल्याच क्षेपणास्त्राने आपलंच एमआय-17 हेलिकॉप्टर पडलं. सहा वायुसैनिक आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. त्या सहांत आपल्या नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. ती आमची मोठी चूक होती, हे पुढे हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी जाहीरपणे मान्य केलं. आधुनिकीकरणाच्या चर्चेत क्षेपणास्त्रांचे पल्ले तावातावाने सांगितले जातात आणि ओळख पटवण्याची शिस्त मागे राहते, याचं मला फार वाईट वाटतं. 'आयएफएफ' हे आपला की परका ओळखणारं उपकरण सांकेतिक प्रश्न पाठवतं आणि आपल्या विमानाने त्याला उत्तर द्यायचं असतं. पण ते चालू ठेवणं, नियम पाळणं आणि गोळीबाराची परवानगी नेमकी कुणाची हे स्पष्ट असणं, हे माणसांचं काम आहे.

मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी श्रीनगरपासून भुजपर्यंत ड्रोन आणि क्षेपणास्त्रांचे हल्ले झाले. एवढ्या लांबीच्या सीमेवर, एकाच रात्री, कुठल्या लक्ष्यावर महागडं क्षेपणास्त्र सोडायचं आणि कुठलं एल-70 या विमानविरोधी तोफेवर सोपवायचं, हे टेलिफोनवर ठरवणं अशक्य होतं. लष्कराची हवाई संरक्षणाची आकाशतीर यंत्रणा आयएसीसीएसला जोडलेली होती, म्हणून दोन्ही दलांसमोर एकच चित्र होतं. आकाशतीरसाठी बीईएलशी 1,982 कोटींचा करार मार्च 2023 मध्ये झाला होता.

आता कंट्रोलरबद्दल. संगणक ट्रॅक जुळवतो, कुठलं शस्त्र वापरावं ते सुचवतो, पण वैमानिकाच्या कानात बोलणारा आवाज माणसाचाच असतो. 27 फेब्रुवारी 2019 च्या त्याच दिवशी फायटर कंट्रोलर म्हणून काम करणाऱ्या स्क्वाड्रन लीडर मिंटी अग्रवाल यांना युद्ध सेवा पदक मिळालं. हे पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. तुमच्या घरात कुणाला या कामात जायचं असेल तर वाट खुली आहे. एएफसीएटी ही हवाई दलाची अधिकारी भरतीची परीक्षा द्यायची आणि ॲडमिनिस्ट्रेशन शाखा घ्यायची. फायटर कंट्रोलर त्याच शाखेतून निवडले जातात.