टॉवरचे पैसे आले की ट्रॅक्टर घ्यावा का?

नमस्कार दादा, तुमचं पत्र नीट वाचलं. कर्नाटकात निपाणीकडं तीन एकर ऊस, शेतातून २२० केव्हीची उच्च दाबाची वीज लाईन, एक टॉवर बांधाजवळ, एजंट म्हणतोय टॉवरमागं ठोक रक्कम घ्या आणि आजच सही करा, आणि त्या पैशात ट्रॅक्टरचं डाउन पेमेंट भरावं का पतपेढीत १४ टक्के व्याजानं गहाण ठेवलेलं सोनं सोडवावं, हा प्रश्न.

आधी सहीचं बघू. सगळ्यांचं लक्ष टॉवरवर असतं पण खरा पैसा तारेखालच्या पट्ट्यात असतोय. केंद्राच्या जून २०२४ च्या सूचनांत टॉवरच्या पायाच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारेखालच्या पट्ट्याला ३० टक्के धरलेत, २०१५ साली हेच ८५ आणि जास्तीत जास्त १५ होतं. २२० केव्हीला पट्टा साधारण ३५ मीटर रुंद धरतात. समजा तार तुमच्या शेतातनं १०० मीटर जाते तर साडेचौतीस गुंठे झाले, एकराला २० लाख धरले तर त्याचेच पाच लाखांच्या वर होतात आणि टॉवरच्या दीड गुंठ्याचे फक्त दीड लाख. म्हणून ठोक आकड्यावर सही नको. तुमच्या लाईनला कुठला आदेश लागू आणि दर काय, हे डीसी म्हणजे जिल्हाधिकारी ऑफिसातनं लेखी घ्या, आणि कागद कन्नडमध्ये असेल तर ओळ न ओळ वाचून घ्या.

काम अडवून धरायचं म्हणाल तर त्यात फारसं हाती लागत नाही, कायद्यानं जिल्हाधिकारी काम सुरू करायला लावू शकतात. भरपाई कमी वाटली तर जिल्हा न्यायालयात मागता येते, जमीन तर तुमच्याच नावावर राहते.

पिकाची नुकसानी वेगळी, आणि ती तीनदा होते: पाया खणताना, टॉवर उभा करताना, तार ओढताना. माझ्या मामाच्या शेतात पहिल्यांदा पंचनामा झाला, पैसे मिळाले, मग पाच महिन्यांनी तार ओढायला आले तेव्हा खोडवा, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस, कमरेएवढा होता, ओल्या काळ्या रानात क्रेनच्या चाकाच्या गुडघाभर चाकोऱ्या पडल्या आणि त्याचा एक रुपया आला नाही, कारण आदल्या दिवशीचा एक फोटोसुद्धा नव्हता. प्रत्येक वेळी मशीन आत यायच्या आधी फोटो काढा, पंचनाम्याची कॉपी मागा.

आता पैशाचं. ही कमाई नव्हे दादा, त्या पट्ट्यात तुम्हाला कधी घर बांधता येणार नाही, उंच झाड ठेवता येणार नाही, बोअरची गाडी उभी करणं धोक्याचं, त्याची ही किंमत आहे. ऊस घ्या खुशाल, पण तारेखाली उसाचं वाळलेलं पाचट पेटवू नका. तीन एकरावर ट्रॅक्टरचा हप्ता निघत नाही, भाड्याची कामं धरली तरी डिझेल आणि ड्रायव्हर त्यातनंच जाणार, म्हणून माझं स्पष्ट मत, ट्रॅक्टर नको. आधी सोनं सोडवा, व्याज थांबेल. उरलेल्यातनं पट्ट्याबाहेरच्या रानात ठिबक करा आणि थोडे एफडीत ठेवा.

आणि जमिनीच्या उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव असेल तर उद्याच वारस नोंदीचा अर्ज टाका, भावांची संमती आत्ताच घ्या, नाहीतर चेक निघायच्या वेळी सगळं अडकून बसतं.