‘हाताची सवय लागेल’ म्हणून रडू दिलेलं पिल्लू

घरात पिल्लू आलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मला फोन येतो आणि प्रश्न ठरलेला असतो: ‘रात्रभर रडतंय हो. उचलू की रडू देऊ?’ उचललं तर लाडावेल ही भीती, नाही उचललं तर खालच्या मजल्यावरचे तक्रार करतील ही धास्ती. मी प्राण्यांच्या वर्तनाबद्दल समुपदेशन करते, म्हणजे खरं तर बहुतेक वेळ माणसांशीच बोलते. आठवड्यातून दोन दिवस पुण्यात एका पशुवैद्यांच्या दवाखान्यात बसते. तिथली ही एक हकीकत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

जानेवारीतली सकाळ होती. दहाला मी पोचले तेव्हा बाकावर एक काकू बसल्या होत्या. अंगावर गाऊन, त्यावर शाल, एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्यात काकांची. आत त्यांच्या पॉमेरेनियन पिल्लाला सलाईन लावलेली होती. नाव बुंदी. वजन ५४० ग्रॅम. आणलं तेव्हा अंगाचं तापमान ९६ फॅरनहाइट होतं. एवढ्या पिल्लाचं १०१-१०२ च्या आसपास असायला हवं.

मुलगा बंगळुरूला नोकरीला. आईबाबांना सोबत हवी म्हणून त्याने फोनवरूनच पिल्लू ठरवून पाठवलं. विकणाऱ्याने सांगितलं ४५ दिवसांचं आहे. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं तर मागच्या दाढा आत्ता कुठे हिरडीतून टोचायला लागल्या होत्या. दात, वजन, चाल सगळं पाहून त्यांनी अंदाज बांधला: जेमतेम पाच आठवडे. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये असा केंद्र सरकारचा २०१७ चा नियम आहे, पण लहान जातीचं पिल्लू जितकं इवलंसं तितकं गोड दिसतं आणि लवकर खपतं. पिल्लाला अजून काही आठवडे आईकडे ठेवता येईल का, असं विचारायला आम्ही त्या माणसाला फोन केला. ‘आई गावी पाठवली,’ म्हणाला. नंतर त्याने फोनच उचलला नाही.

त्यानेच सांगितलं होतं की दिवसातून तीनदा दूध-बिस्किट द्या, रात्री खोकं हॉलमध्ये ठेवा, रडलं तरी जाऊ नका, दोन-तीन दिवसांत आपोआप गप्प होतं. काकूंनी अगदी तसंच केलं. पहिल्या रात्री त्या दाराआड उभ्या राहून ऐकत होत्या. दुसऱ्या रात्री कानावर उशी घेतली. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास आवाज थांबला आणि त्यांना हायसं वाटलं. लागली सवय एकदाची, असं म्हणून त्या झोपल्या. पहाटे उठून पाहतात तर बुंदी आडवी, गार, हिरड्या पांढऱ्याफटक, मान टाकलेली.

शेवटचं दूध रात्री साडेनऊला पोटात गेलं होतं, आणि त्या दुधानेच कालपासून पातळ शी होत होती. आईच्या दुधापेक्षा गाई-म्हशीच्या दुधात दुधातली साखर जास्त असते, पुष्कळ पिल्लांना ती पचत नाही. लहान जातीच्या पिल्लाच्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा तो केवढा? चार-पाच तास पोट रिकामं राहिलं, त्यात थंडी, त्यात जुलाब, त्यात रडून रडून दमणं, की रक्तातली साखर उतरते. आधी सुस्ती, मग लडखडणं, थरथर, झटके आणि शेवटी बेशुद्धी. शिवाय अंग एवढंसं असल्यामुळे ऊबही भराभर निघून जाते. आईच्या पोटाशी, भावंडांच्या ढिगात झोपणारं पिल्लू एकटं गार फरशीवरच्या खोक्यात ठेवलं, तर ते हट्टाने रडत नसतं. भूक लागलीय, थंडी वाजतेय, तुम्ही कुठे आहात, एवढंच ते सांगत असतं. बुंदीला सवय लागली नव्हती. तिच्यात रडायचं त्राण उरलं नव्हतं.

हे मी काकूंना त्या सकाळी सांगितलं नाही. बाकावर थरथरत बसलेल्या माणसाला यकृताबद्दल काय सांगायचं? चहा मागवला. निम्मा पेला झाल्यावर त्या एकदम म्हणाल्या, ‘ताई, याच्या बाबतीतही मी असंच केलं होतं.’

याच्या म्हणजे मुलाच्या. छत्तीस वर्षांपूर्वी सासूबाई म्हणायच्या, सारखी उचलू नकोस, हाताची सवय लागेल. बाळ पाळण्यात रडायचं आणि काकू स्वयंपाकघरात पोळ्या लाटत रडायच्या. विकणाऱ्याचं बोलणं त्यांना पटलं ते त्यामुळेच. ते आधीच कुणीतरी त्यांच्यात रुजवून ठेवलं होतं.

‘तुमचा काही दोष नाही’ असं मी म्हटलं नाही. असं म्हटलं की माणूस अजूनच मिटून जातो, कारण त्याला माहीत असतं की काहीतरी आपल्या हातून झालंय. मी एवढंच म्हटलं, ‘मिळालेला सल्ला चुकीचा होता, आणि तुमच्या मनाने तीन रात्री ते तुम्हाला सांगितलं होतं. आता मनाचं ऐका.’ दुपारी बुंदी उठून उभी राहिली आणि डॉक्टरांच्या एप्रनवर शी केली. काकू पहिल्यांदा हसल्या.

गोष्ट इथे संपायला हवी होती, पण चार दिवसांनी काका एकटे आले. ‘बुंदी उत्तम आहे. हिचं काय करायचं ते सांगा.’ काकू आता झोपतच नव्हत्या. दर दहा मिनिटांनी बुंदीच्या नाकाशी बोट धरायच्या. दर तासाला वजन करायच्या, लाडवांचं सामान मोजायच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर. पिल्लू झोपलं की हलवून उठवायच्या. पिल्लाने दिवसाचे अठरा-वीस तास झोपायचं असतं, त्या बिचारीला तेवढी झोपच मिळत नव्हती.

मी दोघांना समोर बसवलं आणि एक वही घ्यायला लावली. भीतीला ठरावीक वेळा लावून दिल्या की ती सगळा दिवस व्यापत नाही, असा माझा अनुभव आहे. वजन दिवसातून एकदाच, सकाळी खाण्याआधी. रोज थोडं वाढलं पाहिजे. एक दिवस जरी घटलं तरी डॉक्टरांना फोन. खाणं दर तीन-चार तासांनी. पिल्लांचे दाणे कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून, बशीत. रात्रीच्या पाळ्या वाटून टाकल्या: अकराचं आणि दोनचं काकांकडे, पहाटे पाचचं काकूंकडे. काका जरा चपापले, पण पेन त्यांच्याच हातात दिलं होतं.

खोकं हॉलमधून उचलून काकूंच्या पलंगाशेजारी आणलं, हात खाली सोडला की पिल्लाला लागेल असं. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला, म्हणजे उकडलं तर तिला सरकता येईल. उचलायचं का? हो, खुशाल उचला. शी-शू करवा, भरवा, थोपटा, परत ठेवा. दिवे लावून खेळ मात्र मांडू नका. आणि पुन्हा कधी मान टाकली, तर हिरड्यांवर बोटाने मध किंवा साखरेचं पाणी चोळायचं, शालीत गुंडाळायचं आणि थेट दवाखाना. शुद्धीत नसलेल्या पिल्लाच्या तोंडात चमच्याने काही ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब, मग खाणं. आपल्या घरातली तापाची गोळी तर कधीच नाही. काकूंनी हे पान वेगळ्या रंगात लिहिलं आणि मधाची बाटली औषधांच्या कपाटात नेऊन ठेवली.

सोफ्यावर पिल्लू एकटं सोडायचं नाही हे मी दोनदा सांगते. या जातींचे पुढचे पाय काडीसारखे, सोफ्यावरून उडी मारून मोडून घेतलेले मी पुष्कळ पाहिलेत. गुळगुळीत फरशीवर जुन्या सतरंज्या घातल्या.

लसींचा घोळ सगळ्यांचाच होतो. पहिली सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान, मग दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवडे होईपर्यंत. तोवर सोसायटीच्या आवारात खाली सोडायचं नाही, पार्वोचा, म्हणजे कुत्र्यांच्या जीवघेण्या संसर्गजन्य जुलाबांचा, धोका असतो. पण म्हणून घरात कोंडूनही ठेवायचं नाही, कारण जगाची भीती मोडायचं वय तेच असतं, साधारण तीन ते चौदा आठवडे. काका तिला शालीत घेऊन गॅलरीत उभे राहायला लागले: स्कूटर, भंगारवाल्याची आरोळी, शेजारच्या कुकरची शिट्टी. भावंडांत राहून चावण्याचा जोर आवरायला शिकायचं राहून गेलं होतं, ते पुढे काकांच्या बोटांना भोगावं लागलं. तो वेगळा विषय.

बुंदी दहा आठवड्यांची झाली तेव्हा तिघं आली. वजन एक किलोच्या वर. काकूंनी वही पुढे केली. प्रत्येक तारखेसमोर ग्रॅम, खाण्याच्या वेळा, कुठे ‘शी घट्ट’, कुठे ‘रडली, घेतलं, झोपली’. शेवटच्या पानावर तीन तारखा कोऱ्या होत्या. मी बोट ठेवलं.

‘झोपले होते मी,’ काकू म्हणाल्या.