संत्र्याचा बहार विचारा, साल बघा
शेतकरी बाजाराची पाटी दिसली म्हणजे माल शेतातलाच, असं धरून चालू नका. काटोल-नरखेडचा, म्हणजे नागपूरजवळच्या संत्रापट्ट्यातला शेतकरी दोन-तीनच जिनसा आणतो, त्याही लहान-मोठ्या मिसळलेल्या. एकाच्याच पुढ्यात संत्री, सफरचंद, ढोबळी मिरची असं सगळं दिसलं, तर माल बहुधा नागपुरातल्या कळमन्याच्या घाऊक बाजारातून उचललेला.

संत्रं हातात घ्या. आपल्या नागपुरी संत्र्याची साल सैल, देठाशी बोट घातलं की सुटते. किन्नूची, म्हणजे पंजाबकडून येणाऱ्या संत्र्यासारख्याच फळाची, गच्च, चकचकीत. आत बियाच बिया. पहिल्या वर्षी मी तोच नागपुरी समजून घरी नेला होता, अजून वाईट वाटतं.

आणि बहार, म्हणजे फळ कोणत्या हंगामातल्या फुलोऱ्याचं, ते विचाराच. आंबिया बहाराची फळं येतात ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्च. खरा बागायतदार असेल तर पाणी, फळगळ, सगळं आपणहून सांगायला लागतो.