पहिलीच्या एकाच खोलीत 28 मुलं असताना खेळातून शिक्षण प्रत्यक्षात कसं बसवायचं?

तुम्ही लिहिलंय की शाळा जिल्हा परिषदेची, पहिलीला 28 मुलं, खोली एकच आणि साहित्याला पैसे नाहीत. खेळाच्या तासाला मुलं दहा मिनिटांत कंटाळून धिंगाणा घालतात आणि पालक म्हणतात, "शाळेत नुसतं खेळवतात." तुम्ही साहित्याची यादी मागितली आहे. ती पुढे येतेच, पण आधी वेळापत्रक बघा.

खेळ फसतो तो बहुतेक वेळा साहित्यावाचून नाही, वेळेवाचून. तास 20 मिनिटांचा असला की पहिली दहा मिनिटं मुलं नुसती हिंडतात. कोण कुठे बसलंय ते बघतात, एखादी वस्तू उचलून परत ठेवतात. डाव जमू लागतो तोच आवरायची घंटा होते. दोन-तीन दिवसांत त्यांना कळून चुकतं की इथे काही पुरं होत नाही. मग ती काही सुरूच करत नाहीत आणि उरते ती पळापळ. तुमचा धिंगाणा हाच असावा. म्हणून खेळाला सलग 45 मिनिटं द्या. त्याआधी 10 मिनिटं गोलात बसून कोण काय करणार ते बोलायचं. नंतर 10 मिनिटं आवराआवर आणि 10 मिनिटं कोणी काय केलं ते सांगणं. एकूण सव्वा तास होतो. तो परिपाठानंतर लगेच ठेवा. दिवसाच्या शेवटी ठेवलात तर आठवड्यातून तीनदा कुठल्या तरी माहितीच्या तक्त्यापायी तो बुडणार. आणि "लिहून झालं की खेळा" असं कधीच करू नका. ज्याचं लिहिणं सावकाश होतं त्यालाच खेळाची गरज जास्त असते, आणि नेमका तोच रोज वगळला जातो.

आता जागा. मुलांपेक्षा चार जागा जास्त ठेवा, नाहीतर शेवटी उठलेल्याला उरलंसुरलं घ्यावं लागतं. खेळाचे सहा कोपरे करा: ठोकळे 6, दुकान 6, कणीक 6, बिया 5, वाळू 5, पाणी 4 अशा 32 जागा होतात. वाळू आणि पाणी व्हरांड्यात, दारासमोर मांडा, म्हणजे उंबऱ्याशी उभं राहून दोन्हीकडे नजर राहते. प्रत्येक कोपऱ्यात एक पुठ्ठा टांगा आणि जितक्या जागा तितके कपड्यांचे चिमटे त्याला लावा. मुलाने आपली नावाची पट्टी चिमट्यात अडकवायची. चिमटे भरले की कोपरा भरला, मग "बाई, मला घेत नाहीत" ही तक्रार निम्म्याने कमी होते. पट्टीवर सुरुवातीला नावाशेजारी एक चित्र असू दे, महिन्याभराने ते काढून टाका. रोज स्वतःची पट्टी शोधताना मूल इतरांची नावंही वाचू लागतं, ते वेगळं शिकवावं लागत नाही.

पहिल्या आठवड्यात सहाही कोपरे उघडू नका. कणीक आणि बिया हे दोनच, मुलांचे गट पाडून आळीपाळीने. आवरायची सवय लागली की दर आठवड्याला एक वाढवा. सगळं एकदम मांडलं की पहिल्याच दिवशी सगळं एकमेकांत मिसळतं, बाईंचा धीर सुटतो आणि साहित्य कपाटात जातं. ते तिथून सहसा परत येत नाही.

ठोकळ्यांवर मात्र मेहनत घ्या. सुताराकडे चौकटींचे उरलेले तुकडे मिळतात, पण हाताला येतील तसे आणू नका. जाडी, रुंदी, लांबी 1:2:4 या प्रमाणात हवी, म्हणजे दीड इंच जाड, तीन इंच रुंद, सहा इंच लांब. त्याच जाडी-रुंदीचे तीन इंची निम्मे आणि बारा इंची दुप्पट कापून घ्या. सहा मुलांना निदान 60 पूर्ण, 25 निम्मे, 15 दुप्पट लागतात. या मापाच्या ठोकळ्यांची भिंत वरून सपाट येते. दोन निम्म्यांचा एक होतो, आणि तो मुलाच्या हातात होतो. वेडेवाकडे तुकडे दिले तर मनोरा पडतो आणि मुलाला वाटतं चूक आपलीच. कडा आधी 80 नंबरच्या, मग 120 नंबरच्या पॉलिशपेपरने घासा. प्लायवूड नको, त्याचे थर सुटतात आणि कुसळं हातात जातात. रंगही देऊ नका, मुलं मापाऐवजी रंग जुळवत बसतात. ठोकळ्यांच्या फळीपासून दोन फुटांवर जमिनीवर खडूने रेघ ओढा आणि तिच्या आत काही बांधायचं नाही असं ठरवा. या कोपऱ्यातली बहुतेक भांडणं ठोकळे घ्यायला आलेल्याचा पाय दुसऱ्याच्या घराला लागून होतात.

बियांचा कोपरा जवळजवळ फुकटात होतो. दहा चिंचोके घ्या, प्रत्येकाची एक बाजू खरखरीत दगडावर घासून पांढरी करा. मुठीत खुळखुळवून टाकायचे आणि किती पांढरे, किती काळे ते पाटीवर मांडायचं. सहा-चार, सात-तीन, पाच-पाच. सगळे पांढरे पडायची वाट बघत मूल कंटाळा न करता दहाच्या जोड्या पाठ करून टाकतं. डब्यात नेमके दहाच ठेवा आणि आवरताना मोजूनच झाकण लावायचं. एक कमी भरला की तो कोणाच्या नाकात गेला का, हे तिथल्या तिथे बघता येतं. मुलं रानातून बिया आणतील, त्यात गुंजा, एरंड आणि कण्हेर अजिबात येऊ देऊ नका. तिन्ही विषारी आहेत. गुंज दिसायला सुंदर असल्यामुळे तीच हमखास येते.

वाळू चाळून घ्या. आठ भाग वाळूला एक भाग पाणी पुरतं. मूठ आवळून उघडली की लाडू टिकला पाहिजे. सुट्टी झाली की ताडपत्री टाका, नाहीतर रात्री मांजरं येतात. पाण्याच्या टबात चार बोटं पाणी, एक नरसाळं, तीन वेगळ्या आकारांच्या बाटल्या, खाली पोतं. खेळ संपताच टब ओतून पालथा घाला. एवढ्याशा पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, त्यामुळे इथे एक दिवसही सूट नाही.

कणकेसाठी दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दोन चमचे तेल, चिमूटभर हळद. पाणी पाऊण वाटीपासून सुरू करून बेताने वाढवा. मिठामुळे ती टिकते, पण पावसाळ्यात तेच मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि गोळा चिकट होतो. मग मूठभर मैदा मळून घ्यायचा.

दुकानाला रिकामी पाकिटं, कागदी नोटा, उधारीची वही आणि तराजू एवढं पुरे. फुटभर काठी, दोन करवंट्या, मधोमध दोरी. रिकामा तराजू आधी समतोल करा, हलक्या बाजूला दोरा गुंडाळला की होतो. आता बघा काय होतं. एका पारड्यात मोठी रिकामी प्लास्टिकची बाटली, दुसऱ्यात दोन मुठी चिंचोके. बाटली वर जाते. मुलगी ती हाताने खाली दाबते, सोडते, ती परत वर. ती कपाळाला आठ्या घालते, दोन चिंचोके काढते, तरी वरच. नेमकं या क्षणी मोठ्या माणसाच्या तोंडून "अगं, मोठी असली तरी हलकी आहे ना!" असं निघून जातं आणि तिचा शोध आपण हिसकावून घेतो. दोन मिनिटं गप्प बसा. बोलायचंच तर "आणखी काय ठेवून बघायचं?" एवढंच. "हा कोणता रंग? हे किती?" असले परीक्षेचे प्रश्न आले की मूल खेळ सोडून उत्तरं द्यायला लागतं. दुकानात मुलं आपसांत अहिराणी, वारली, पावरी, जी घरची भाषा असेल ती बोलू द्या, तिथे प्रमाण भाषेची दुरुस्ती नको.

पैसे नाहीत हे कारण मनातून काढून टाका असं मी आग्रहाने सांगेन. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे सहकारी अनुताई वाघांबरोबर कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर काम केलं, तेव्हा महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी बिया, खडे, पानंफुलंच घेतली होती. या कामाची पाळंमुळं आपल्याकडे अशाच साहित्यात आहेत.

स्वतःच्या एका वहीत रोज तीन मुलांबद्दल एकेक ओळ लिहा. 28 मुलं दहा दिवसांत होतात. "हुशार आहे" असं नको. "दुप्पट ठोकळा संपल्यावर दोन पूर्ण जोडून घेतले" असं लिहा. केंद्रप्रमुखांनी विचारलं तर ही वही दाखवा. सोबत सांगा की 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात 3 ते 8 वर्षं हा एकच पायाभूत स्तर धरलाय, पहिली-दुसरी त्यातच येते, आणि 2022 च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यातही खेळातूनच शिकवायला सांगितलंय.

पालकांना मात्र धोरण सांगून उपयोग नाही. त्यांना लिहिणं हवंय, आणि ती मागणी चुकीची नाही. त्यांना सांगा की सहाव्या वर्षी मनगटातली सगळी हाडं अजून टणक झालेली नसतात, आणि पेन्सिल धरायला अंगठा आणि दोन बोटांत जी ताकद लागते ती चिमटे दाबून, कणीक मळून, चिंचोके उचलून येते. मग उधारीच्या वहीतलं त्यांच्याच मुलाचं अक्षर दाखवा. जूनमध्ये एक सकाळ त्यांना बोलावून स्वतः तराजूशी बसवा, बाटली आणि चिंचोके हातात द्या. फक्त त्या दिवशी पाण्याचा टब मांडू नका, बरोबर रांगती भावंडं येतात.