वाचकांचे प्रश्न : संयमाच्या तोंडी लगाम

प्रश्न : माझी मुलगी येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात मुद्राचित्रण (छापचित्रे काढण्याची कला) शिकते. तिने आणलेल्या पुस्तकात सोळाव्या शतकातील एक चित्र आहे. त्यातील स्त्रीच्या तोंडात लगाम आणि डोक्यावर चक्क घड्याळ आहे. ही कोणी देवता आहे की शिक्षा भोगणारी अपराधी? शिवाय सद्गुण आणि दुर्गुण दोन्ही स्त्रीरूपातच का दाखवले आहेत?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : ती देवताही नाही आणि अपराधीही नाही, तो मूर्तिमंत संयम आहे. फ्लेमिश चित्रकार पीटर ब्रुगेल यांनी १५६० मध्ये केलेल्या रेखाटनावरून ही आकृती तांब्याच्या पत्र्यावर कोरली गेली आणि अँटवर्पचे प्रकाशक हिएरोनिमस कॉक यांनी तिचे छाप बाजारात आणले. लगामाचा दोर कोठे जातो ते नीट पाहावे. तो तिच्या स्वतःच्याच हातात आहे. म्हणजे आवर घालणारी तीच आणि जिला आवरायचे तीही तीच. दुसऱ्या हातात चष्मा, कमरेला सापाचा पट्टा आणि पायाखाली पवनचक्कीचे पाते आहे. घड्याळ अर्थातच वेळेचे आणि मोजूनमापून वागण्याचे.

स्त्रीरूपाचे मुख्य कारण व्याकरणात आहे. लॅटिनमध्ये संयम, गर्व, मत्सर, क्रोध, लोभ या भावांची नावे स्त्रीलिंगी असल्याने चित्रकारांनी त्यांना स्त्रीदेह दिला. ब्रुगेल यांचा चिलखत घातलेला क्रोधसुद्धा बाईच आहे. आपले षड्रिपू मात्र कामापासून मत्सरापर्यंत सगळे पुल्लिंगी, त्यामुळे मराठी वाचकाला हे खटकणे स्वाभाविकच आहे.

ब्रुगेल यांच्याच, १५५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुर्गुणांच्या मालेत प्रत्येकीपाशी एक प्राणी किंवा पक्षी आहे : आळसापाशी गाढव, क्रोधापाशी अस्वल, गर्वापाशी मोर. बडोद्याच्या राजसंग्रहातील राजा रविवर्मा यांच्या सरस्वतीपाशीही मोरच आहे, पण तेथे तो विद्येच्या सहवासात शोभतो, येथे पिसारा मिरवणाऱ्या अहंकाराची खूण ठरतो. त्याहून फसवा आहे तो आरसा, कारण तो गर्वाच्याही हातात आहे आणि सद्गुणांच्या चित्रांतील विवेकाच्याही. एकीला त्यात केवळ रूप दिसते, दुसरी त्यात स्वतःला पारखते. म्हणून केवळ आरशावरून नाव ठरवू नये. शेजारी मोर असेल तर तो गर्व, आणि डोक्यावर चाळणी असेल तर विवेक.