कायदा आणि आपण : कोल्हापूरच्या सर्किट बेंचविषयी वाचकांचे प्रश्न

मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे उद्घाटन 17 ऑगस्ट 2025 रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले आणि दुसऱ्या दिवसापासून तेथे कामकाज सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील प्रकरणे आता तेथे चालतात. या बदलाविषयी आलेल्या पत्रांतील चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : शेतजमिनीच्या वाटपाच्या दाव्यात जिल्हा न्यायालयाचा निकाल आमच्याविरुद्ध गेला. त्यावर आम्ही मुंबईत दुसरे अपील दाखल केले आणि त्यात स्थगितीही मिळाली. आता ते अपील कोल्हापुरात पुन्हा दाखल करावे लागेल का? स्थगितीचे काय होईल? आमचे वकील मुंबईचे आहेत, ते बदलावेच लागतील का? (एक वाचक, जत, जि. सांगली)

उत्तर : अपील पुन्हा दाखल करावे लागत नाही. कोल्हापूरचे बेंच म्हणजे वेगळे उच्च न्यायालय नव्हे. न्यायालय तेच, 1862 साली स्थापन झालेले मुंबई उच्च न्यायालय. फक्त त्याचे न्यायाधीश आता कोल्हापुरातही बसतात. त्यामुळे बसण्याचे ठिकाण बदलले एवढ्या कारणाने तुमच्या प्रकरणातील कोणताही आदेश रद्द होत नाही. स्थगितीच्या आदेशात ती कधीपर्यंत आहे हे मात्र स्वतः वाचून पाहावे. ‘अपिलाचा निकाल लागेपर्यंत’ असे शब्द असतील तर काळजीचे कारण नाही. ‘पुढील तारखेपर्यंत’ असे असेल तर ती तारीख कोणती आणि त्या दिवशी मुदत वाढवून मिळाली का, हे वकिलांना विचारलेच पाहिजे. वाटपाच्या दाव्यांत स्थगितीची मुदत नकळत संपते आणि तोपर्यंत समोरची बाजू हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त घेऊन पुढे गेलेली असते, असे प्रसंग वकिली करणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले आहेत.

आपले प्रकरण सध्या कोणत्या ठिकाणी आणि कोणत्या टप्प्यावर आहे, हे उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर प्रकरण क्रमांक किंवा पक्षकाराचे नाव टाकून पाहता येते. हे काम वकिलांवर किंवा त्यांच्या कारकुनावर सोडून देऊ नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. फाइल एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते तेव्हा नेमके बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीवर, लक्ष राहत नाही, आणि प्रकरण पुकारले असता कोणीच हजर नसेल तर ते गैरहजेरीत निकाली निघू शकते. तसे झालेच तर अपील पुन्हा पटलावर घेण्यासाठी अर्ज करण्याची मुदत अवघी 30 दिवसांची असते.

वकील बदलायचे की नाही, हा निर्णय सर्वस्वी तुमचा आहे. मुंबईचे वकील कोल्हापुरात येऊन काम चालवू शकतात; एकदा दिलेले वकीलपत्र ठिकाण बदलल्यामुळे संपत नाही. ते येऊ शकणार नसतील तर तसे त्यांच्याकडून वेळेत स्पष्ट करून घ्या, नव्या वकिलांचे वकीलपत्र दाखल करा आणि कागदपत्रे परत मागा. फी बाकी आहे या कारणावरून पक्षकाराची फाइल अडवून ठेवण्याचा अधिकार वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात 2000 साली स्पष्ट केलेले आहे. बाकी फीसाठी वकिलाला कायद्याने वसुलीचे इतर मार्ग आहेत, पण त्यासाठी तुमचा खटला थांबवता येत नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो. दुसरे अपील केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर चालते. साक्षीपुराव्याची नव्याने छाननी व्हावी अशी अपेक्षा तेथे ठेवता येत नाही. तुमचे अपील अद्याप दाखल करून घेण्याच्या टप्प्यावर असेल, तर तो प्रश्न नेमक्या शब्दांत मांडला गेला आहे का, हे नव्या-जुन्या दोन्ही वकिलांशी बसून तपासा. जत किंवा सांगलीला ज्या वकिलांनी मूळ दावा चालवला, त्यांना त्या बैठकीला अवश्य न्या. जमिनीचे फेरफार, सरहिस्सेदारांची वंशावळ, कोणत्या साक्षीदाराने उलटतपासणीत काय कबूल केले, हे सारे त्यांना पाठ असते. मुंबईच्या अंतरामुळे ही माहिती उच्च न्यायालयात युक्तिवाद करणाऱ्या वकिलापर्यंत आजवर अर्धवट पोहोचत होती. माझ्या मते कोल्हापूरच्या बेंचचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे, आणि प्रवासखर्चाची बचत त्यानंतर येते.

प्रश्न : मी तालुका न्यायालयात वकिली करतो. बाररूममध्ये काही ज्येष्ठ म्हणतात की सर्किट बेंच ही तात्पुरती सोय आहे आणि ती केव्हाही बंद होऊ शकते. खंडपीठ आणि सर्किट बेंच यांत नेमका फरक काय? (एक वकील, बार्शी, जि. सोलापूर)

उत्तर : फरक राज्य पुनर्रचना कायदा, 1956 च्या कलम 51 मध्ये आहे. त्याच्या दुसऱ्या पोटकलमाखाली स्थायी खंडपीठ स्थापन करण्याचा अधिकार राष्ट्रपतींना आहे. तिसऱ्या पोटकलमानुसार मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मान्यतेने प्रधान पीठाखेरीज अन्य ठिकाणीही न्यायाधीशांची बैठक ठरवू शकतात. तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे यांनी 1 ऑगस्ट 2025 रोजी काढलेली कोल्हापूरची अधिसूचना या तिसऱ्या पोटकलमाखालची आहे. त्यामुळे ‘स्थायी नाही’ हे ज्येष्ठांचे म्हणणे कायद्याच्या शब्दांत बरोबर आहे. मात्र ‘केव्हाही बंद होईल’ ही भीती मला इतिहासावरून पटत नाही.

औरंगाबादचे उदाहरण पाहा. तेथील कामकाजही 27 ऑगस्ट 1981 रोजी याच तिसऱ्या पोटकलमाखाली सुरू झाले. त्याला आव्हान दिले गेले, उच्च न्यायालयाने अधिसूचना रद्द ठरवली. परंतु 1982 साली सर्वोच्च न्यायालयाने नारायण शामराव पुराणिक यांच्या प्रकरणात मुख्य न्यायमूर्तींचा हा अधिकार मान्य केला. त्यानंतर 1984 साली तेथे स्थायी खंडपीठ झाले आणि मराठवाड्यातील पक्षकार आज मुंबईला जाण्याचा विचारही करीत नाही. नागपूरची गोष्ट निराळी आहे. तेथे 1936 पासून स्वतंत्र उच्च न्यायालयाची परंपरा होती आणि 1960 च्या मुंबई पुनर्रचना कायद्यातच नागपूरला किमान तीन न्यायाधीश बसतील अशी तरतूद झाली. कोल्हापूरची वाट औरंगाबादच्या वाटेशी जुळते.

तरीही स्थायी दर्जाची मागणी सोडून देऊ नये, असे मी ठामपणे मानतो. चार दशकांहून अधिक काळ सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी कामापासून दूर राहण्यापासून ते मोर्चे-उपोषणांपर्यंत सर्व मार्गांनी आंदोलन केले, ते सोयीच्या बैठकीसाठी नव्हते. न्यायाधीशांची संख्या, कर्मचाऱ्यांची पदे, ग्रंथालय, अभिलेख ठेवण्याची जागा यांचे दीर्घकालीन नियोजन स्थायी दर्जाशिवाय अडखळते. बार्शीच्या वकिलांनी या मागणीत कोल्हापूरकरांच्या बरोबरीने उभे राहावे. सोलापूरकरांचा मुद्दा मला ठाऊक आहे : त्यांना मुंबईला जाणारी रात्रीची रेल्वे अंगवळणी पडली होती आणि कोल्हापूरची वाट बहुतांशी रस्त्याने आहे. अंतर मात्र जवळपास निम्म्यावर आले आहे, आणि सांगोला-मंगळवेढ्याच्या पक्षकाराला तर यात निःसंशय सोय आहे.

प्रश्न : सावंतवाडीहून गोव्यातील खंडपीठ दीड-दोन तासांवर आहे. आम्हांला घाट चढून कोल्हापूरला जायला का लावले? गोव्यात याचिका दाखल करता येईल का? (एक वाचक, सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग)

उत्तर : येणार नाही. गोव्यातील खंडपीठ 1982 पासून मुंबई उच्च न्यायालयाचेच असले, तरी ते गोव्यात उद्भवणाऱ्या प्रकरणांसाठी आहे. सिंधुदुर्गाची प्रकरणे आधी मुंबईत चालत, आता कोल्हापुरात चालतात. आपली तक्रार मात्र मला रास्त वाटते. दोडामार्ग किंवा वेंगुर्ल्याच्या माणसाला पावसाळ्यात आंबोली, करूळ किंवा फोंडा घाट ओलांडणे सोपे नाही, आणि वैभववाडी-कोल्हापूर रेल्वेमार्ग अजून झालेला नाही. रत्नागिरीच्या उत्तर टोकाला मंडणगडचा पक्षकारही असाच विचार करीत असेल, कारण त्याला मुंबईच जवळची होती. जिल्हा हा एकक धरून हद्द ठरवली की असे होते. यावर व्यवहार्य उपाय म्हणजे दूरदृश्य प्रणालीद्वारे हजर राहण्याची मुभा. ती सरसकट मिळावी, यासाठी कोकणातील वकील संघटनांनी मुख्य न्यायमूर्तींकडे लेखी निवेदन दिले पाहिजे.

प्रश्न : माझे पती अपघातात गेले. न्यायाधिकरणाने दिलेली भरपाई फार कमी आहे. अपील कोठे आणि किती दिवसांत करावे? वकिलाची फी देण्याची माझी ऐपत नाही. (एक वाचक, कराड, जि. सातारा)

उत्तर : ताई, मोटार अपघात न्यायाधिकरणाच्या निवाड्यावरील अपील थेट उच्च न्यायालयात होते, म्हणजे आपल्यासाठी कोल्हापुरात. मुदत निवाड्याच्या तारखेपासून 90 दिवसांची आहे. प्रमाणित नकलेसाठी आजच अर्ज करा, आणि अर्जाची व नक्कल मिळाल्याची तारीख असलेला कागद जपून ठेवा. मुदत उलटली असली तरी निराश होऊ नका. पुरेसे कारण दाखवले तर न्यायालय विलंब माफ करू शकते.

फीविषयी : विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रियांना मोफत कायदेविषयक साहाय्य मिळण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. साताऱ्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात निवाड्याची प्रत घेऊन जा. उच्च न्यायालयातील अपिलासाठी वकील मिळवून देण्याचा अर्ज तेथून पुढे पाठवता येतो. न्यायाधिकरणाने दिलेली रक्कम स्वीकारल्याने वाढीव भरपाई मागण्याचा हक्क जात नाही, म्हणून ती रक्कम उचलण्यास अपिलाच्या निकालापर्यंत थांबू नका.