चांगलं खाऊन दारू प्यायली तर लिव्हरमध्ये चरबी साठत नाही, हे खरं आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निपाणीत राहता, वय अडतीस, वजन बेताचं. आठवड्यातून दोन-तीनदा मित्रांबरोबर बसता, माणशी एक क्वार्टर, सोबत पोटभर मटण-रस्सा. सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर ग्रेड १' आलं. डॉक्टर म्हणाले दारू बंद करा. मित्र म्हणाले, लिव्हर जातं ते उपाशीपोटी पिणाऱ्यांचं, तू तर खाऊन पितोस, फार तर तेल-तूप कमी कर. आता ऐकू कुणाचं?

डॉक्टरांचं ऐका. मी स्वतः डॉक्टर नाही, बेळगावात एका लॅबमध्ये एकवीस वर्षं रक्त तपासतोय. सोमवारचं सीरम आम्हाला लांबूनच कळतं. रक्त मशिनमध्ये फिरवलं की वर राहणारं पाणी, म्हणजे सीरम, एरवी फिकट पिवळं, आरपार दिसणारं असतं. रविवारी रात्री 'बसलेल्या' माणसाचं कधीकधी ताकासारखं पांढरट येतं. बारा तास काही खाल्लं नाही असं तो शपथेवर सांगतो, आणि ते खरंही असतं. ती नळी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली तर वर साय धरते. ती साय म्हणजे पोटातून रक्तात आलेली मटणाची चरबी. नुसतं मटण खाणाऱ्याच्या रक्तातून ती एव्हाना उतरलेली असते. सोबत दारू असली की ती उतरवणारं एन्झाइम मंदावतं, शिवाय लिव्हरही आपल्याकडची चरबी रक्तात जास्त सोडू लागतं.

आता लिव्हरच्या आत काय होतं ते. गाळप हंगामात कारखान्याच्या यार्डात भरलेल्या ट्रॉल्यांची रांग कशी लागते ते तुम्ही पाहिलंच असेल. गाडी खाली झाल्याशिवाय परत जात नाही, आणि तिकडे शेतात तोडलेला ऊस तसाच पडून वाळतो. लिव्हरच्या पेशीत या ट्रॉल्यांचं काम एनएडी नावाचा रेणू करतो. रिकामी ट्रॉली एनएडी, हायड्रोजन भरलेली एनएडीएच. अल्कोहोलचं आधी अॅसिटाल्डिहाइड होतं, मग त्याचं अॅसिटेट, आणि दोन्ही पायऱ्यांवर एकेक ट्रॉली भरते. अॅसिटाल्डिहाइड हे विष, अल्कोहोल साठवायलाही शरीरात जागा नाही, त्यामुळे लिव्हर बाकीची कामं बाजूला ठेवून आधी हाच माल उचलतं. चरबी जाळायलाही रिकाम्याच ट्रॉल्या लागतात. त्या मिळत नाहीत. म्हणजे दारूची चरबी होते म्हणून लिव्हर भरतं असं नाही, दारूमुळे चरबी जळायची थांबते म्हणून भरतं. १९९९ सालच्या एका प्रयोगात आठ निरोगी माणसांना फक्त २४ ग्रॅम अल्कोहोल दिलं होतं. त्यातल्या पाच टक्क्यांहूनही कमी अल्कोहोलची चरबी झाली, पण पुढचे काही तास अख्ख्या शरीरातलं चरबीचं ज्वलन ७३ टक्क्यांनी घटलं.

२४ ग्रॅम म्हणजे किती? तुमची १८० मिलीची क्वार्टर ४२.८ टक्क्यांची असते, म्हणजे ६१ ग्रॅम अल्कोहोल, सव्वाचारशेच्या आसपास कॅलरी. लिव्हर तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम उरकतं. रात्री दहाला ग्लास खाली ठेवलात तरी पहाटेपर्यंत यार्ड तुंबलेलंच. आणि मटणाची चरबी नेमकी त्याच वेळी येऊन पोचते.

तुमच्या मित्रांना मी हसणार नाही. हे मत एके काळी मोठमोठ्या शास्त्रज्ञांचंही होतं. इन्सुलिनच्या शोधातले चार्ल्स बेस्ट यांनी सहकाऱ्यांबरोबर १९४९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांवरून मांडलं होतं की दोष पोषण नसण्याचा आहे, दारूची गत साखरेच्या रिकाम्या कॅलरींसारखीच. ते मोडून काढलं अमेरिकेतल्या चार्ल्स लीबर यांनी. त्यांनी उंदरांना सकस, पण अल्कोहोल मिसळलेला पातळ आहार दिला, तरी लिव्हरमध्ये चरबी साठलीच. १९६६ मध्ये त्यांनी ती चरबी कुठून आली तेही तपासलं. आहारात तेल असेल तर लिव्हरमध्ये त्याच तेलाच्या जातीची चरबी सापडायची. आहारातलं तेल काढून टाकलं तर? लिव्हर स्वतःच चरबी तयार करून साठवायचं. १९६८ मध्ये माणसांना भरपूर प्रथिनं आणि कमी चरबीचं जेवण देऊन पाहिलं, तरी दारूबरोबर लिव्हर भरलंच.

'तेल कमी कर, दारू राहू दे' याचं उत्तर यातच आलं. कमी तेलाचा उपयोग अगदीच नाही असं नाही. १९७० च्या उंदरांवरच्याच प्रयोगात आहारातली चरबी एकूण कॅलरींच्या ३५ टक्क्यांवरून २५ वर आणल्यावर साठा बराच घटला. पण घटला, संपला नाही.

(पांढऱ्या रश्शातल्या नारळाच्या दुधाने लिव्हर सांभाळलं जातं असं कुणी सांगायच्या आत: लीबर यांच्या प्रयोगात मध्यम साखळीच्या चरबीने साठा कमी झाला हे खरं, पण नारळात तशा आठ-दहा कार्बनच्या छोट्या साखळ्या फार थोड्या. निम्म्याच्या आसपास बारा कार्बनचं लॉरिक आम्ल असतं. रस्सा चवीसाठी प्या, औषध म्हणून नको.)

पोटभर खाण्याने एक गोष्ट मात्र खरंच होते. जड जेवणामुळे जठर हळू रिकामं होतं, दारू रक्तात सावकाश चढते, माणूस झिंगलेला दिसत नाही. माझे धाकटे मामा बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत होते. 'अगोदर पोट, मग ग्लास' हा त्यांचा नेम. यात्रेला पाहुण्यांत बसले तरी कधी पाय डगमगला नाही, म्हणून घरात त्यांची दारू कुणी मोजलीच नाही. ती मोजली ते थेट रिपोर्टने. चढते सावकाश, पण बहुतेक सगळी जाते लिव्हरमधूनच.

'ग्रेड १ म्हणजे काही नाही' असं कुणी म्हणालं तर तेही सोडून द्या. साध्या सोनोग्राफीत चरबी नीट दिसायला लागते तेव्हा ती सहसा पाचवा हिस्सा तरी झालेली असते. चांगली बाजू अशी की या टप्प्यावर दारू पूर्ण थांबवली तर ही चरबी चार-सहा आठवड्यांत बरीचशी उतरते. 'कमी करतो' म्हणणाऱ्यांत मला असा फरक फारसा दिसलेला नाही. दारूत गोड कोल्ड्रिंक ओतत असाल तर तेही बंद करा, साखरेची चरबी लिव्हरमध्येच बनते. आणि तुमच्या टोळीत कुणी रोज पिणारा असेल, सकाळी हात थरथरत असतील, तर त्याने मनाने एकदम सोडू नये. अशा माणसाला अचानक सोडल्यावर फिट येऊ शकते. त्याला डॉक्टरांकडे न्या.

दीड महिन्याने परत तपासाल तेव्हा एसजीपीटी, जीजीटी (लिव्हरच्या तपासण्या) आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) एकत्र करा. आदल्या तीन-चार दिवसांत घेतली असेल तर काउंटरवर सांगा. आम्ही काही बोलत नाही. पण सीरम पांढरं आलं की नमुना पुन्हा घ्यावा लागतो, आणि तुम्हाला निपाणीहून परत बस धरावी लागते.